लूना झाकून ठेवू नका

पुणे, नगर, नाशिक, सातारा, कुठल्याही गावातल्या जुन्या सोसायटीचे पार्किंग पाहा किंवा वाड्याच्या जिन्याखाली डोकवा. फाटक्या ताडपत्रीखाली एखादी लूना उभी असतेच. लूना नसेल तर टीव्हीएस ५०, सुवेगा नाही तर हिरो मॅजेस्टिक. मालक पन्नाशी-साठीतला. कॉलेजला असताना मिळालेली गाडी, मनात येत नाही म्हणून विकलेली नाही आणि चालू होत नाही म्हणून चालवलेलीही नाही. भंगारवाल्याने विचारले की उत्तर ठरलेले, 'बघू'. हा लेख त्या 'बघू'च्या विरोधात आहे. मोपेड वयाने मरत नाही, उभी राहून मरते. म्हणून जिच्यावर जीव आहे ती गाडी आधी फिरती करावी, रंगरंगोटीचे नंतर पाहावे. फिरती ठेवणे शक्य नसेल तर तसे स्वतःशी मान्य करून तिची रीतसर कोरडी साठवण करावी, नाहीतर ठेवेल त्याला देऊन टाकावी. ताडपत्री टाकून वाट पाहणे हा सगळ्यांत वाईट पर्याय आहे आणि बहुतेक जण नेमका तोच निवडतात.

एवढा जीव का, हे आधी पाहू, कारण काय जपायचे ते त्यावरच ठरते. पुण्याच्या किनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ मध्ये लूना आणली, ती इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या चाओ या मोपेडवरून. ५० सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन, गिअर नाहीत, पेडल मारून सुरू करायची आणि पेट्रोल संपले तर तेच पेडल मारत घरी यायचे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने ५० सीसीपर्यंतची बिनगिअरची गाडी सोळाव्या वर्षी चालवायला परवानगी दिली, फक्त लायसन्ससाठी पालकांची लेखी संमती हवी. म्हणजे स्कूटर-मोटारसायकलला दोन वर्षे थांबावे लागे, मोपेडला नाही. घरातून एकट्याने, कोणाला न विचारता बाहेर पडण्याचे पहिले साधन अनेकांना असे मिळाले. माणसाला उतारवयात सर्वाधिक आठवणी साधारण दहा ते तीस या वयातल्या येतात, हे मानसशास्त्रातले पुन्हा पुन्हा तपासून पाहिलेले निरीक्षण आहे. तेव्हा लूनाविषयी हळवे होण्यात खुळेपणा काही नाही. पण ती आठवण कशाची आहे, याचाही विचार करा. ती जाण्याची आहे. इंजिनाचा फटफट आवाज, जळक्या ऑइलचा वास, उतारावर कानात शिरणारा वारा. उभ्या गाडीत यातले काहीच नसते. ताडपत्रीखाली राहतो तो नुसता पत्रा आणि दर दिवाळीला साफसफाईत त्याच्याकडे पाहून येणारी थोडी अपराधी भावना.

उभ्या गाडीत काय घडते ते सर्वांत स्पष्ट दिसते कार्ब्युरेटरमध्ये. फ्लोटच्या वाटीत पेट्रोल शिल्लक राहते. त्यातला हलका भाग महिन्या-दोन महिन्यांत उडून जातो आणि खाली तपकिरी, चिकट राळ उरते. मेन जेटचे छिद्र आधीच मिलिमीटरपेक्षा बारीक. पायलट जेटचे त्याहून बारीक. ती राळ तिथे बसली की छिद्र अर्धे बुजते आणि इंजिनाला हवा पुरते, पेट्रोल पुरत नाही. जेट उजेडाकडे धरून पाहिले तर गोल छिद्राऐवजी चंद्रकोर दिसते. मग टू-स्ट्रोकचा सगळ्यांत नाजूक भाग म्हणजे क्रँकच्या दोन्ही बाजूंची रबरी सील. या इंजिनात पेट्रोल-हवेचे मिश्रण आधी क्रँककेसमध्ये शिरते, तिथे दाबले जाते आणि मग सिलिंडरमध्ये चढते. म्हणून क्रँककेस हवाबंद असणे ही इंजिन चालण्याची अटच आहे. सील वर्षानुवर्षे कोरडी पडली की कडक होते, कडेने हवा ओढते, मिश्रण पातळ होते, पिस्टन तापतो आणि शेवटी सिलिंडरला चिकटतो. ज्याला गॅरेजवाले 'इंजिन जाम झालं' म्हणतात त्याचे मूळ बऱ्याचदा या थोड्या पैशांच्या सीलमध्ये असते. बाकी टाकी आतून गंजते, केबलमधले ग्रीस सुकते, टायर एका जागी बसतो, पॉइंटवर पांढुरकी बुरशी चढते. गाडी १९८५ ची आहे की १९९५ ची, याने यातल्या कशालाही फारसा फरक पडत नाही. ती किती दिवस उभी होती, याने पडतो.

तेव्हा वर्षानुवर्षे उभी असलेली गाडी बाहेर काढली की लगेच पेडल मारत सुटू नका. उत्साहाच्या भरात पहिल्याच दिवशी लोक रिंगा मोडतात. प्लग काढा, त्या भोकातून चमचाभर टू-टी ऑइल सोडा आणि एक-दोन दिवस तसेच राहू द्या. मग प्लग बाहेरच ठेवून इंजिन हाताने किंवा पेडलने सावकाश फिरवा. अडकले तर जोर करू नका, पुन्हा ऑइल सोडून थांबा. ते मोकळे फिरू लागेपर्यंत टाकीकडे वळा. जुने पेट्रोल पूर्ण काढा, त्याच्या वासावरूनच ते मेले आहे हे कळते. टाकीत बोट फिरवून गंज पाहा. थोडा असेल तर ती उतरवून धुऊन घेता येते, खपल्या पडत असतील तर आधी त्याचाच बंदोबस्त करा, नाहीतर साफ केलेला कार्ब्युरेटर आठवड्यात पुन्हा चोंदेल. टाकी गळत असेल तर घरी डाग द्यायच्या फंदात अजिबात पडू नका. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते. पेट्रोलची नळी, कॉकचे वायसर, क्रँकची दोन्ही सील आणि पॅकिंग चांगले दिसले तरी बदला. पॉइंट बारीक पॉलिश पेपरने पुसा, कंडेन्सर शक्यतो नवा घ्या. जुना कंडेन्सर थंड असताना काम देतो आणि गाडी तापली की दगा देतो, हे दुखणे शोधण्यात लोकांचे रविवारच्या रविवार जातात. ब्रेकचे ड्रम उघडाल तेव्हा आतली धूळ फुंकू नका, हवाही मारू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, ओल्या फडक्याने पुसून ते फडके टाकून द्या. टायरला नक्षी शिल्लक आहे म्हणून तो चांगला समजू नये. बाजूच्या रबराला बारीक भेगा असतील तर तो गेला.

गाडी सुरू झाली की खरी चूक पुढे होते. दर रविवारी सकाळी पार्किंगमध्ये स्टँडवर पाच मिनिटे चालू करायची, धूर काढायचा आणि समाधानाने बंद करायची, ही पद्धत घराघरांत आहे. याने गाडीचे भले होत नाही. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते. इंजिन आणि सायलेन्सर पुरते तापले तर ती बाहेर पडते, पाच मिनिटांत ते तापतच नाहीत. वाफ आतच थंड होऊन साचते आणि सायलेन्सर आतून गंजवते. शिवाय मंद चालणाऱ्या टू-स्ट्रोकमध्ये ऑइल नीट जळत नाही आणि एक्झॉस्टच्या तोंडाशी काजळी धरते. त्यापेक्षा दोन-तीन आठवड्यांतून एकदा आठ-दहा किलोमीटर नीट चालवा. पहाटे किंवा सकाळी लवकर, रस्ता मोकळा असताना, हेल्मेट घालून. टाकीत लिटर-दीड लिटरपेक्षा जास्त पेट्रोल ठेवू नका, म्हणजे दर खेपेला ताजेच पडते. घराजवळ आलात की कॉक बंद करून कार्ब्युरेटरमधले पेट्रोल संपेपर्यंत चालवा. ही एक सवय लावली तर जेट चोंदण्याचा प्रश्न जवळपास मिटतो. ऑइलचे प्रमाण कंपनीच्या पुस्तिकेत दिलेले असते तेच ठेवा. २५ ला १ असेल तर लिटरला ४० मिलि, ४० ला १ असेल तर २५ मिलि. 'थोडं जास्त मारलेलं बरं' हा पंपावरचा जुना सल्ला आता विसरा. जास्त ऑइल म्हणजे जास्त काजळी, आणि तेवढ्या ऑइलने पेट्रोलची जागा घेतल्यामुळे मिश्रण उलट पातळच होते.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वाजवी आहे. पूर्वीचे पेट्रोल आता मिळते कुठे? शिशाची काळजी सोडून द्या. शिसे असलेले पेट्रोल भारतात २००० साली बंद झाले. त्याचा त्रास व्हायचा तो व्हॉल्व्हच्या बैठकींना, आणि या टू-स्ट्रोकला व्हॉल्व्हच नाहीत. इथेनॉलची काळजी मात्र खरी आहे. आज पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतली ओल शोषते, जुने रबर फुगवते किंवा कडक करते, टाकीतला जुना थर सोडवून पुढे पाठवते आणि स्वतःत ऑक्सिजन असल्याने मिश्रण थोडे पातळ करते. पावसाळ्यात महिनाभर पडून राहिलेल्या पेट्रोलमध्ये पाणी-इथेनॉलचा थर वेगळा होऊन तळाशी बसू शकतो, आणि कॉक ओढतो तो तळातूनच. त्या थरात ऑइलही नसते. पण यावरून निघणारा निष्कर्ष 'गाडी चालवू नका' असा नाही, उलटा आहे. इथेनॉलचे पेट्रोल साठवायला वाईट, ताजे जाळायला चालते. नळी इथेनॉल सोसणारी घ्या, महिनाभर गाडी निघणार नसेल तर टाकी रिकामी करा आणि प्लगचा रंग पाहायला शिका. फिक्या विटकरी-तपकिरी रंगाचा प्लग ठीक. पांढराफटक दिसला आणि सीलमधून हवा जात नसेल, तर मिस्त्रीला एक नंबर मोठा जेट टाकायला सांगा. थ्रॉटल सोडल्यावरही इंजिनाचा आवाज खाली न येता वरच राहू लागला तर चालवणे तिथेच थांबवा. कुठून तरी हवा ओढली जात असल्याचे ते लक्षण आहे.

सुटे भाग मिळत नाहीत, ही तक्रार अर्धी खरी आहे. लूनाचे उत्पादन थांबून दोन दशके उलटली. तरी पुण्यात नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत चौकशी करा, बुधवारी-रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात चक्कर टाका, पिस्टन-रिंग, केबल, ब्रेक लायनर यांतले बरेच हाती लागते. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की बेअरिंग आणि सील हे मुळात मापाचे भाग असतात. त्यांच्यावर छापलेला नंबर किंवा आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी घेऊन बेअरिंगच्या दुकानात गेलात तर 'लूनाचं' असे म्हणायची गरजही पडत नाही. बोअर झिजला असेल तर लेथवर बोअरिंग करून ओव्हरसाइज पिस्टन बसवतात. खरी टंचाई आहे ती जुन्या मिस्त्रीची. पॉइंट आणि मॅग्नेटवर हात बसलेली पिढी निवृत्त होत चालली आहे आणि नव्या मेकॅनिकने पॉइंट पाहिलेलाच नसतो. म्हणून भाग गोळा करण्याआधी मिस्त्री शोधा. त्याच्याशेजारी स्टूल टाकून बसा, गाडी उघडताना प्रत्येक पायरीचा मोबाइलवर फोटो घ्या आणि निघालेला प्रत्येक वायसर पिशवीत घालून त्यावर नाव लिहा.

प्रदूषणाचा आक्षेप सगळ्यांत जड आहे आणि तो टोलवून लावू नये. टू-स्ट्रोकमध्ये जळालेला धूर बाहेर ढकलण्याचे काम नवे मिश्रणच करते, आणि ते करताना त्यातले काही न जळताच एक्झॉस्टमधून निघून जाते. त्यात ऑइलही जळते. लूना छोटी असली तरी दर किलोमीटरमागे तिचा धूर आजच्या फोर-स्ट्रोक स्कूटरपेक्षा वाईटच. म्हणून जुनी लूना रोज ऑफिसला नेण्याच्या कल्पनेला माझा पाठिंबा नाही. महिन्यातून पंधरा-वीस किलोमीटर आणि तेही नीट ट्यून केलेल्या इंजिनाने, ही गोष्ट वेगळी. शेजाऱ्यांच्या खिडकीखाली ती तापवत ठेवायची नाही, एवढे पथ्य पाळले तर कोणाला फारसा उपद्रव होत नाही. मग इलेक्ट्रिक का करून घेत नाही, असे तरुण मंडळी विचारतात. कायद्याने त्यासाठी मान्यताप्राप्त किट लागते आणि आरसी बुकात बदलाची नोंद लागते, कोपऱ्यावरच्या दुकानात मोटर-बॅटरी बसवून चालत नाही. पण मुख्य मुद्दा तो नाही. आवाज आणि वास काढून घेतलेल्या लूनात जपण्यासारखे उरते काय? विजेवर चालणारी लूनाच हवी असेल तर किनेटिक ग्रीनची ई-लूना २०२४ पासून बाजारात आहे, सरळ ती घ्यावी. जुनीचे पोट फाडण्याचे कारण नाही.

गाडी फिरवायची म्हणजे कागद हवेत. पंधरा वर्षांवरची गाडी आपोआप बेकायदा होते, हा समज दिल्ली परिसरातल्या निर्बंधांच्या बातम्यांवरून पसरला आहे. महाराष्ट्रात खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि आरटीओत तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. अर्ज फॉर्म २५ मध्ये करायचा, मुदत संपण्याच्या आधीच्या साठ दिवसांत. मुदत कधीच टळून गेली असेल तर विलंबाची रक्कम आणि हरित कर भरावा लागतो. हे आकडे अधूनमधून बदलतात, म्हणून आरटीओत किंवा परिवहन पोर्टलवर विचारूनच हिशेब मांडा आणि मगच इंजिनावर खर्च करा. थर्ड पार्टी विमा, पीयूसी आणि १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांनाही लागू झालेली उच्च सुरक्षा नंबरप्लेट, हे तीनही लागते. जुने पुस्तकी आरसी बुक संगणकावर चढलेलेच नसणे ही नेहमीची अडचण आहे. आधी ती जुनी नोंद संगणकावर चढवून घ्या. आणि गाडी वडिलांच्या नावावर असेल, वडील हयात नसतील, तर वारसाच्या नावे हस्तांतर हे पहिले काम. त्यासाठी फॉर्म ३१ असतो. कायद्याप्रमाणे मृत्यूनंतर तीस दिवसांत कळवायचे आणि तीन महिन्यांत अर्ज करायचा असतो. बहुतेक घरांत हे कुणी केलेले नसते. उशीर झाला तरी भावंडांच्या संमतिपत्रासह ते मार्गी लागू शकते, पण भावंडे हयात आणि गुण्यागोविंदाने आहेत तोवर करून टाका. 'व्हिंटेज'च्या नोंदणीचे आमिष मात्र फार मनावर घेऊ नका. २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेली, मूळ रूपातली गाडीच त्यात बसते. तिला 'व्हीए' अक्षरांची वेगळी प्लेट मिळते, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे आणि नंतर ती प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे, दुरुस्ती अशा मोजक्या कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. ऐंशी-नव्वदच्या दशकातली लूना तिथे अजून पोहोचलेलीच नाही, आणि सकाळच्या फेरफटक्यासाठी साधी नोंदणीच जास्त सोयीची.

राहिला रंग. गाडी 'शोरूमसारखी' करून देणारे पुष्कळ भेटतील आणि पुनर्जन्माच्या नावाखाली सर्वाधिक नुकसान इथेच होते. सँडब्लास्टिंग करून पावडर कोटिंग चढवले की फ्रेमवर कोरलेला चासी नंबर बुजतो किंवा घासून जातो, आणि तपासणीच्या वेळी आरटीओला हवा असतो तो नेमका तोच ठसा. असे काम करायचेच असेल तर नंबरावर चिकटपट्टी लावून तेवढा भाग झाकायला सांगा आणि आधी पेन्सिलने त्याचा ठसा कागदावर घेऊन ठेवा. मुळात कराच कशाला? गंज लागलेली जागा तेवढी घासून प्रायमर आणि मिळताजुळता रंग लावा, बाकी रंग पॉलिश करून तसाच ठेवा. पेडलवर पायाने झिजलेला भाग, सीटच्या टोकाशी वडिलांनी मारलेले ठिगळ, मडगार्डवरचे कॉलेजचे अर्धवट स्टिकर, हे सगळे नवे करून टाकल्यावर ती दुसऱ्या कुणाचीही गाडी होऊ शकते. ब्रेक, टायर, सील, वायर, दिवे या बाबतींत मात्र उलट धोरण ठेवा. जिथे जिवाशी गाठ आहे तिथे जुनेपणाचे लाड नकोत.

हे सगळे वाचून दमछाक झाली असेल, गुडघे दुखत असतील, गाव बदलले असेल, तर फिरती ठेवण्याचा हट्ट धरू नका. मग टाकी आणि कार्ब्युरेटर पूर्ण रिकामे करा. जिन्याखाली पेट्रोल असलेली गाडी हा शेजाऱ्यांनाही धोका आहे. प्लगच्या भोकातून ऑइल सोडून इंजिन दोन-चार वेळा फिरवा, चाके जमिनीला टेकणार नाहीत अशी गाडी उभी करा, वर प्लास्टिक नको, सुती चादर टाका, आणि वर्षातून दोनदा पेडल फिरवून पुन्हा ऑइल सोडा. कोकणात किंवा मुंबईच्या दमट हवेत हे दर दोन महिन्यांनी करावे लागेल. हेही होणार नसेल तर आयटीआयचा मोटार मेकॅनिक वर्ग, मोपेड गोळा करणारा एखादा हौशी माणूस किंवा नात्यातला हात काळे करायची आवड असलेला मुलगा, यांपैकी कुणाला तरी द्या. देताना फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून नाव बदलल्याची खात्री स्वतः करून घ्या, 'तू घेऊन जा, कागद नंतर पाहू' असे करू नका, कारण उद्या अपघात झाला तर नोटीस तुमच्याच दारी येईल. भंगारात द्यायची वेळ आलीच तर अधिकृत केंद्रात द्या आणि नोंदणी रद्द झाल्याचा कागद घेऊन ठेवा. आणि 'बघू' म्हणायची सवयच असेल, तर निदान येत्या रविवारी ताडपत्री काढून टाकीचे झाकण उघडून पाहा. आतला वास आंबूस आला तर ते पेट्रोल त्याच दिवशी काढा.